कोळसणे, वक्ता जनाबाई गमरे

भागुराम गमरे आमच्या कचेरीत आले ते त्यांच्या अक्षरामुळे. अण्णांना, म्हणजे आमच्या संपादकांना, शब्दांच्या चिठ्ठ्या उतरवून काढायला माणूस हवा होता. दहा-बारा उमेदवारांकडून त्यांनी एकच परिच्छेद लिहून घेतला आणि नावं न बघता त्यातला एक कागद उचलला. तो गमऱ्यांचा निघाला. कागदावरचं नाव अण्णांनी पुन्हा एकदा वाचलं, असं नंतर आमच्या शिपायाने मला सांगितलं. पण उचललेला कागद त्यांनी खाली ठेवला नाही, हेही त्यानेच सांगितलं.

कचेरी गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी, एका जुन्या लाकडी घराच्या पहिल्या मजल्यावर होती. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. राज्य मिळणार, मुंबईसकट मिळणार, आणि मिळालं की कारभार आणि कॉलेजातलं सायन्ससुद्धा मराठीतून चालणार, अशी आमची खात्री होती. त्यासाठी शब्द लागणार म्हणून काही मंडळींनी ही परिभाषेची कचेरी काढली होती. मी एम.ए. होऊन तिथे सहायक म्हणून लागले होते. गमरे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. इंटर सायन्सपर्यंत शिकलेले. वडील गिरणीत होते, ते गेल्यावर शिक्षण सुटलं. परळच्या एका चाळीत ते आणि त्यांची आई अशी दोघंच राहत. दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळलं, कारण स्वतःविषयी ते आपण होऊन कधी बोलत नसत.

अंगाने उंच, मानेत किंचित वाकलेले, सदरा रोज पांढरा आणि रोज धुतलेला. वरच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जुन्या कॅलेंडरांची पानं कापून त्या चिठ्ठ्या ते स्वतः करत. एका बाजूला तारखेचा अर्धा आकडा आणि दुसऱ्या बाजूला शब्द. ‘हे तुमच्यात काय म्हणतात?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. मासळीबाजारातली कोळीण, केस कापणारा, गाडी ओढणारा, कुणालाही ते थांबवत. वाडीतल्या एका किरिस्ताव म्हातारीशी तर त्यांची मैत्रीच जमली होती. ती जिन्यावर बसून लसूण सोलायची आणि हे खालच्या पायरीवर उभे राहून तिच्याकडून सुताराच्या हत्यारांची नावं लिहून घ्यायचे. ती त्यांना ‘भागू’ म्हणायची. आम्ही कचेरीत कुणीही त्यांना पहिल्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

आमच्या चिठ्ठीवर पाच रकाने असत. शब्द, अर्थ, व्युत्पत्ती, प्रयोग आणि शेवटी वक्ता. हा शेवटचा रकाना आम्ही बहुतेक रिकामा सोडत असू. फार तर ‘एक भाजीवाली’ असं लिहायचो. गमऱ्यांच्या चिठ्ठीवर मात्र भाजीवालीचं नाव असे, नवऱ्याचं नाव असे, गाव असे. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, उगाच वेळ घालवता, कोण वाचणार आहे ते? त्यावर ते हसले आणि म्हणाले, “माणूस सोडून शब्द घेतला ना आगाशेबाई, की तो उचललेल्या छत्रीसारखा होतो. वापरता येतो, पण उघडताना आजूबाजूला बघावं लागतं.”

दुसरी त्यांची खोड म्हणजे व्युत्पत्तीच्या रकान्यात ‘निश्चित नाही’ असं लिहिणं. अण्णांना ते मुळीच आवडत नसे. कोशात शंका छापायची नसते, असं त्यांचं मत. गमरे ऐकून घेत, मान हलवत आणि पुढच्या चिठ्ठीवर पुन्हा त्याच सुबक अक्षरात ‘निश्चित नाही’ लिहीत.

मोर्चाला आम्ही बरोबर जात असू. कचेरी दुपारीच बंद करून अण्णा सगळ्यांना घेऊन निघायचे. स्वतः पुढे, धोतराचा सोगा हातात धरून. एकदा पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आम्ही पळत एका दुकानाच्या फळीखाली शिरलो. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, शेजारी एक गिरणी कामगार डोळे चोळत शिव्या देत होता, आणि तेवढ्यात गमरे त्याला विचारताना मी ऐकलं, “हे डोळ्यांना आता जे होतंय, त्याला तुमच्यात काय म्हणतात?” तो माणूस आधी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, चुरचुरतंय. गमऱ्यांचं समाधान झालं नाही. कांद्याने होतं तसं की मिरचीने होतं तसं, असं त्यांनी विचारलं. दोघंही रडत होते आणि दोघं मिळून शब्द शोधत होते. शेवटी त्या माणसाने नाव-गाव सगळं सांगितलं. घोषणा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गमऱ्यांचा आवाज आमच्या सगळ्यांत मोठा होता. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण सगळे एक आहोत. मी घरी जाऊन तसं बोलूनही दाखवलं होतं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. कचेरीत खिडकीपाशी पाण्याचा माठ होता आणि त्यावर दोन पेले उपडे घातलेले असत. गमऱ्यांचा पेला वेगळा होता. तो त्यांनी घरून आणलेला, टेबलाच्या खणात ठेवलेला. तहान लागली की ते पेला घेऊन माठापाशी उभे राहत आणि शिपाई वरून पाणी ओतायचा. मी हे दोन वर्षं रोज बघत होते आणि मला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा भोक्ता आहे. एकदा शिपाई रजेवर होता. गमरे पेला घेऊन माठापाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि तसेच जागेवर येऊन बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांनी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. कुणीच सांगितलं नव्हतं, तरी पेला खणात होता. त्या दिवशी उठून मी त्यांना पाणी द्यायला हवं होतं. मी मान खाली घालून काम करत राहिले.

आता त्या शब्दाकडे येते.

रसायनाच्या शब्दांची यादी चालू होती. लाकूड बंद जागेत तापवून त्याचा कोळसा करतात, त्या क्रियेला इंग्रजीत कार्बनायझेशन म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं? अण्णांनी शब्द तयारच ठेवला होता, ‘अंगारीकरण’. सगळ्यांना आवडला. गमरे म्हणाले, “अंगार म्हणजे फुललेला निखारा. इथे तर फुलू द्यायचंच नसतं.” अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, मग तुम्ही सांगा. गमरे म्हणाले, कोळसणे.

जुन्या कोशात हा शब्द होता, पण एका ओळीपुरता, करपणे-काळवंडणे अशा मोघम अर्थाने. गमऱ्यांचं म्हणणं, तसं नाही. पोळतं ते कातडं, करपते ती भाकरी, कोळपतं ते उन्हातलं रोप, होरपळतो तो माणूस, आणि कोळसतं ते फक्त लाकूड, तेही जाळ न होता. ही प्रत्येक क्रिया निराळी म्हणून शब्दही निराळा. मग व्युत्पत्तीवरून जुंपली. अण्णा म्हणाले, कोळसा हा कोकिळेपासून आला. संस्कृतात कोकिल, प्राकृतात कोइल, रंग काळा म्हणून कोळसा. गमऱ्यांनी त्यावर खानावळीतल्या कानडी वाढप्याचा दाखला काढला. त्याच्या भाषेत जळत्या लाकडाला कोळ्ळी म्हणतात. “भट्टीपाशी बसलेल्या माणसाला नाव ठेवताना आधी काय दिसलं असेल,” त्यांनी विचारलं, “समोरचं लाकूड की झाडावरचा पक्षी?” अण्णा मोठ्याने हसले. वाद घालणारी माणसं त्यांना आवडत. पण शब्दाला प्रयोग कुठाय, असं त्यांनी विचारलं. असा अर्थ कुणी बोलतं का? गमरे म्हणाले, माझी आई बोलते.

आईंकडून नीट ऐकून ये, असं अण्णांनी मला सांगितलं. दोन माणसांनी ऐकलेलं बरं, एवढाच त्यांचा हेतू. म्हणून एका रविवारी मी परळला गमऱ्यांच्या घरी गेले.

खोली लहान आणि लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर पुस्तकं, मोरीपाशी घासलेली भांडी ओळीने लावलेली. जनाबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाडाने काटक, हात मात्र मोठे, पुरुषासारखे. त्या खेड तालुक्यातल्या. लग्नानंतरची सात-आठ वर्षं नवरा-बायकोंनी ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर काढलेली. मग नवरा मुंबईला गिरणीत लागला. मी विचारायची खोटी, त्या सांगायला लागल्या. ऐनाची, किंजळीची लाकडं उभी रचायची, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला, घालायचा, त्यावर ओल्या मातीचा लेप. वर एक धुराडं ठेवायचं आणि आत विस्तव सोडायचा. मग दिवसरात्र राखण. कुठे माती फुटली आणि वारा आत शिरला की आत जाळ होतो, आणि जाळ झाला की सगळं गेलं.

“लाकूड जळलं तर राख, बाय,” त्या म्हणाल्या. “राखंला कोन इचारतो? कोळसा व्हायचा तर त्याला कोंडावा लागतो. पांढरा धूर येतो तवर लाकूड ओलं. निळा धूर निघाला की समजायचं, कोळसलं.”

मी भराभर लिहून घेत होते. गमरे आईजवळ बसून पेन्सिलीने लिहीत होते, जणू ही बाई त्यांना आजच भेटली आहे. तेवढ्यात जनाबाई, आम्ही काही विचारलेलं नसताना, एकदम वेगळ्याच गोष्टीवर गेल्या. त्यांची एक धाकटी जाऊ होती. त्या घरात तिला बोलायची चोरी आणि रडायचीही चोरी. चार वर्षं ती तशी राहिली आणि एक दिवस पाणी भरून आली, हंडा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. वय असेल वीस-बावीस.

“लोक म्हनाले ताप व्हता. ताप कसला? ती जळली असती तर कुनाला दिसली तरी असती. ती जळली नाय. ती कोळसली.”

गमऱ्यांचा हात थांबला. ही गोष्ट त्यांनीही कधी ऐकलेली नव्हती, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, “आये, परत सांग.” आणि ते वाक्य त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

मग जनाबाईंनी उठून स्टोव्ह पेटवला. फळीवरून एक नवी कपबशी काढली, पदराने पुसली आणि चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. का म्हटलं, ते मला त्या वेळी धड कळलंसुद्धा नाही. तोंडून निघून गेलं. कचेरीत मी दिवसातून तीन वेळा चहा प्यायचे आणि त्यातला एक गमऱ्यांच्या टेबलाशी उभी राहून. जनाबाई म्हणाल्या, एवढ्या लांबून आलीस, घोटभर तरी घे. गमरे माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या घेत नाहीत, आये.” आणि कप उचलून त्यांनी तो स्वतः प्यायला.

चाळीच्या जिन्यापर्यंत ते मला पोचवायला आले. वाटेत ‘कोळसणे’च्या अर्थाचे दोन भाग पाडावेत का, यावर बोलत राहिले. चहाचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही, पुढेही कधी काढला नाही.

त्यांनी चिठ्ठी केली. तशी चिठ्ठी आमच्या कचेरीत दुसरी झाली नसेल. अर्थ दोन: एक लाकडाचा, एक माणसाचा. व्युत्पत्ती: कोकिल किंवा कानडी कोळ्ळी, निश्चित नाही. प्रयोग: ती जळली नाय, ती कोळसली. वक्ता: जनाबाई भिकू गमरे, परळ. अण्णांनी ती दोनदा वाचली. आवडली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण म्हणाले, “गमरे, तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे. पण कोशात साक्ष द्यायची तर बोलणारा प्रमाण भाषेतला हवा. उद्या पुण्याहून कुणी विचारलं, तर मी काय सांगू? दुसरा आधार काढा, मी उद्या घेतो.”

गमऱ्यांनी दुसरा आधार शोधला. पोथ्या, जुने कोश, लावण्या, सगळं चाळलं. लाकडाचा अर्थ एक-दोन ठिकाणी जवळपास सापडला, माणसाचा कुठेच नाही. छापखान्याची तारीख जवळ येत चालली. आणि एका दुपारी, ते छापखान्यात गेलेले असताना, मी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि त्यांचीच चिठ्ठी माझ्या अक्षरात उतरवली. ‘नाय’चं ‘नाही’ केलं. वक्त्याच्या रकान्यात माझ्या आजीचं नाव घातलं: द्वारकाबाई आगाशे, गुहागर.

मी स्वतःला सांगितलं, शब्द जगला पाहिजे म्हणून हे करते आहे. ते अगदी खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं. अण्णांच्या तोंडून मला शाबासकी हवी होती. ती मिळाली. गमरे परतायच्या आत त्यांनी ती चिठ्ठी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली; हेच वाक्य आधी वाचल्याचं त्यांना आठवलं असलं, तरी त्यांनी तसं दाखवलं नाही. म्हणाले, बघा, किती बोलकं वाक्य आहे, आपल्या घरातल्या बायकांपाशी केवढी भाषा पडून आहे. कार्बनायझेशनपुढे अंगारीकरण राहिलं, पण त्याच्याखाली कोळसणे आला, दोन्ही अर्थांनी, प्रयोगासकट. प्रस्तावनेत त्यांनी माझ्या घरच्या मराठीवर दोन ओळी लिहिल्या. ‘ही गमऱ्यांचीच चिठ्ठी आहे’ एवढी चार शब्दांची गोष्ट मी त्या वेळी बोलले असते तरी चाललं असतं. मी नुसती हसले.

प्रुफं गमरेच तपासायचे. ‘कोळसणे’ असलेल्या पानांचा फर्मा आला त्या दिवशी मी समोरच बसले होते. पानं उलटता उलटता ते एका जागी थांबले. नेहमी ते ओळीवर पट्टी धरून वाचत. पट्टी हलेना. मग ती हलली, पान पुरं झालं, पुढची पानंही झाली. सगळा फर्मा तपासून त्यांनी गठ्ठा बांधला आणि ते माझ्या टेबलाशी आले.

“तुमच्या आजींनी भट्टी बघितली होती का?”

मी म्हटलं, नाही. मग सुचेल तसं बोलत सुटले. अण्णा तुमची चिठ्ठी घेणार नव्हते, शब्द गेला असता, मी फक्त शब्द वाचवला, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“शब्द राहिला, हे खरं,” ते म्हणाले. “माझी आई गेली त्यातून. आणि माझी काकू, तीही.”

मी म्हटलं, मी आजच अण्णांना सांगते. ते म्हणाले, बघा. एवढंच. आवाज चढवला नाही, की मागे लागले नाहीत. ते खाली गेल्यावर मी गठ्ठा सोडून ते पान काढलं. छापखान्याने आजीचं आडनाव चुकवलं होतं, ‘आगशे’ असं जुळवलं होतं. गमऱ्यांनी समासात खूण करून तिथे काना घातला होता.

अण्णांना मी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी राज्याची बातमी आली, पेढे वाटले गेले, अण्णा लहान मुलासारखे रडले. त्यांना त्या क्षणी काही सांगणं मला बरं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी फर्मा छापायला गेला. मग मी मनाशी म्हणाले, आता सांगून काय उपयोग? रोज सकाळी गमरे आत येताना एकदा माझ्याकडे बघायचे. आठ-दहा दिवसांनी ते बघेनासे झाले. महिन्याभराने त्यांनी राजीनामा दिला. शीव कोळीवाड्याच्या बाजूला एका शाळेत मास्तरची जागा मिळाली, असं कारण सांगितलं. निरोपाला अण्णांनी त्यांना पुस्तकाची पहिली प्रत देऊ केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, अण्णांना नमस्कार केला आणि सगळ्यांचा निरोप घेतला. मला म्हणाले, येतो आगाशेबाई. टेबलाचा खण त्यांनी आदल्या दिवशीच रिकामा केला होता.

आजीला मी पुस्तक दाखवलं. तिला स्वतःचं नाव छापलेलं बघून आनंद होईल, असं मला वाटलं होतं. तिने चष्मा लावून ते पान सावकाश वाचलं आणि म्हणाली, “हे मी कधी बोलले? कोळसा तर आपल्याकडे डोक्यावरून विकायला यायचा, मागच्या दारी उतरवून घ्यायचो. हा शब्द माझा नव्हे.” मी पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, मग कुणाचा? मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. आजीने पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या कामाविषयी ती कुणाशी कौतुकाने बोलली नाही.

सहा-सात वर्षं गेली. कचेरी सरकारी झाली, अण्णा वारले, मी त्यांच्या खुर्चीच्या जवळपास पोचले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तो रकाना दुरुस्त करणं माझ्याच हातात होतं. पण नव्या आवृत्तीत वक्ते गाळायचे असं ठरलं, पानं कमी व्हावीत म्हणून. ठरवणाऱ्यांत मी होते. माझा हात सर्वांत आधी वर गेला होता.

त्यानंतरच्या थंडीत मी परळला कुणाला तरी बघायला हॉस्पिटलात गेले होते. परत निघाले तर नाक्यावर, रस्ता ओलांडायला उभे, गमरे दिसले. केस कानांवर पांढरे झालेले. त्यांनी आईचा हात धरला होता. जनाबाई पार वाळल्या होत्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मी तोंड फिरवून निघून जाऊ शकले असते, पण गमऱ्यांनी मला बघितलं होतं. त्यांनी मान लववली. कशा आहात, विचारलं.

“कोन हाय रं भागू?” जनाबाईंनी विचारलं.

“कचेरीतल्या बाई, आये. आपल्याकडे आल्या होत्या एकदा.”

जनाबाईंनी हात पुढे केला. तो माझ्या दंडाला लागला, तिथून खाली येऊन त्यांनी माझा पंजा धरला. “तू काय गं? कोळशाचा शब्द इचारायला आलेलीस. छापलास काय?”

मी म्हटलं, हो, छापला.

त्यांचा चेहरा उजळला. मुलाकडे वळून म्हणाल्या, “बघ. तू म्हनालास, नाय घेतला त्यांनी.” आणि पुन्हा माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून, “माझं नाव घातलंस?”

गमरे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी काय उत्तर देते, एवढंच ते बघत होते. मला खरं बोलायचं होतं. त्या सहा-सात वर्षांत मी किती वेळा ते मनात बोलले होते, त्याला हिशेब नाही. माझा हात त्या बाईच्या दोन्ही हातांत होता.

मी म्हटलं, “हो.”

गमऱ्यांनी नजर काढून घेतली. जनाबाई हसायला लागल्या. बोळक्या तोंडाने, आवाज न करता, खांदे हलवत. म्हणाल्या, “आनि हा मला सांगतो, छापलाच नाय.”

“मला ठाऊक नव्हतं, आये,” गमरे म्हणाले.

तेवढ्यात पोलिसाने हात केला आणि गाड्या थांबल्या. गमऱ्यांनी माझा निरोप घेतला नाही. आईचा हात माझ्या हातातून सोडवून त्यांनी आपल्या हातात घेतला आणि ती दोघं रस्त्यात उतरली. शेजारून एक बाई पाटी घेऊन ओलांडत होती, तिलाच जनाबाई सांगायला लागल्या, माझं नाव हाय पुस्तकात, छापलेलं. ती बाई काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत जनाबाई सांगतच होत्या, आणि गमरे, मान थोडी खाली वाकवून, हो हो म्हणत होते.